दर्याला दिलेला हात

पुतळाबाईच्या पाटीतलं पापलेट मी अंगठ्याने दाबलं आणि ती गप्प राहिली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी भलतंच झालंय.

एरवी असं कधी होत नाही. अंधेरीच्या बाजारात मी तिच्याकडून वर्षानुवर्षं मासे घेतोय आणि वर्षानुवर्षं आमचं बोलणं एकाच ठरलेल्या वळणाने जातं. मी पापलेट दाबतो. ती खेकसते, "दाबू नको रे, मऊ परल! अंगठा हाय का वरवंटा?" मी म्हणतो, मऊ पडायला मुळात कडक असावं लागतं. मग ती माझी अक्कल काढते, मी तिचा भाव काढतो, शेजारच्या दोघीतिघी कोयते थांबवून ऐकतात, आणि शेवटी तेच पापलेट माझ्याच पिशवीत येतं. माझी बायको प्रेमा मालवणची, तिचं म्हणणं असं, "तुमका मासे नको असतत, भांडाण होया असता." बायकोचं खोटं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला भांडायला दुसरं कोण मिळतं?

तर त्या सकाळी मी दाबलं. ती नुसती बघत राहिली. कपाळावर घाम, एक हात जबड्याला लावलेला.

"काय गं, झालं काय?"

"काय नाय. वायू धरलाय. छातीवर कोनी भरलेली पाटी ठेवल्यावानी वाटते."

मी चिडलो. आजारी माणसाची मला चीड येते, कारण मी घाबरतो. "वायू नाही गाढवपणा! ऊठ," म्हणालो. तिने पाटी शेजारणीकडे सोपवली, पण कोयता सोडायला तयार नाही. कोयता घेऊनच रिक्षात बसली. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि मीटर टाकायचंही विसरून गाडी अशी पळवली की आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मलाच डॉक्टरची गरज होती. दारावरच्या रखवालदाराने कोयता काढून घेतला आणि त्या बदल्यात छत्रीचा बिल्ला दिला.

पुतळाबाई मढची. माहेर मढ, सासर मढ, नवरा बळवंत तांडेल, म्हणजे बोटीवरचा कारभारी. तो एकदा समुद्रात गेला की आठ-आठ दिवस परतत नाही. मुलगा अल्पेश मासेमारीत नाही. मढचे बंगले शूटिंगला भाड्याने जातात, तिथे तो जनरेटरपासून खोट्या रक्तापर्यंत लागेल ते आणून देतो. एकदा त्याच्या ओळखीने पुतळाबाईलाही कोळीण म्हणून उभं केलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, ही अजून कोळीण वाटत नाही, हिला दोन्ही हातांत बांगड्या भरा. भरल्या. बाईने उजव्या हातातल्या सगळ्या तिथल्या तिथे उतरवल्या आणि खाडीत भिरकावल्या. कपडेपटवाला काठावर उभा राहून बोंबलत होता आणि ही त्याला समजावत होती की त्या दर्याच्याच होत्या, त्याला पोचल्या.

हे तिने मला रंगवून सांगितलं होतं, म्हणून मला ठाऊक. तिच्या लग्नात तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहिल्या. उजवा हात दर्याचा, डावा हात नवऱ्याचा. डाव्या हातात मनगटापासून वर हिरवा चुडा, उजव्या हातात कधी काही म्हणजे काही घालायचं नाही. या बोलीवर दर्या नवऱ्याला परत पाठवतो. तिच्या सासूने पाळलं, तिने पाळलं, बळवंत दरवेळी परत आला. मला हे सगळं खुळेपणाचं वाटायचं आणि ते मी तिला तोंडावर सांगायचो. ती विचारायची, "तुझी बायको दोनी हातान बांगऱ्या घालते, तू कुठं गेलास कधी, का तुला परत आनायला लागल?" मग मी पुन्हा भावावर यायचो.

आता हॉस्पिटल. पहिली चकमक कागदी पट्टीवरून झाली. पेशंटचं नाव लिहिलेली ती पट्टी काउंटरवरची मुलगी उजव्या मनगटाला बांधू लागली, तर पुतळाबाईने हात असा मागे खेचला की मुलगी टेबलावर आडवी झाली. डाव्या हातात चुड्यापुढे जागाच नाही. शेवटी पट्टी पायात बांधली. "पैंजन," पुतळाबाई खूश होऊन म्हणाली. छातीवर पाटी होतीच, तरी खूश.

कार्डिओग्राम काढला, आणि सगळे एकदम भराभर चालू लागले. डॉक्टर कृणाल म्हणून घाटकोपरचा एक तरुण गुजराती मुलगा होता, मराठी फर्डं. त्याने सांगितलं की हृदयाची एक नळी अडली आहे, लगेच आत जाऊन बघायला हवं, आणि रस्ता मनगटातून.

"मनगटातून हृदयात?" मी म्हणालो. "वांद्र्याला जायचं तर विरारहून कशाला?"

"काका, मांडीतूनही जाता येतं. पण तिथे रक्तस्राव झाला तर मोठा होतो, आणि नंतर पाय हलवायचा नाही."

"मांडी?" पुतळाबाई म्हणाली. "या पोराला?"

मांडीचा विषय तिथेच संपला. डाव्या हातातून जायचं तर चुडा उतरवावा लागणार, आणि बळवंत दर्यावर असताना चुडा उतरवण्याची गोष्ट काढायची कुणाची टाप नव्हती. राहिला उजवा. डॉक्टरने तिला मूठ आवळायला लावली, मनगट दोन्ही बाजूंनी दाबलं, मूठ उघडायला लावली आणि करंगळीच्या बाजूने दाबलेला स्वतःचा अंगठा उचलून तळहाताकडे टक लावून पाहू लागला.

"काय दिसते?" पुतळाबाईने दबक्या आवाजात विचारलं. "किती वर्सं हायत?"

त्याला नशीब नव्हतं बघायचं. पांढरा पडलेला तळहात परत लाल होतो का, ते बघायचं होतं. त्याने समजावलं की पंजाला दोन नळ्या रक्त पुरवतात, एक अंगठ्याच्या बाजूने, एक करंगळीच्या. आपण अंगठ्याकडच्या नळीतून आत जाणार. क्वचित ती नंतर बंद पडते. पंजा दुसरीवर चालतो, पुष्कळांना पत्ताही लागत नाही. "पण पुढे कधी परत आत जायचं झालं तर तो रस्ता गेलेला असतो. म्हणून ती बुजू नये याची आम्ही काळजी घेतो."

"बुजू" हा शब्द त्याने वापरायला नको होता. खाड्या बुजताना बघितलेल्या मढच्या माणसापुढे तर नाहीच.

"बुजवायची नाय हां," पुतळाबाई ताडकन म्हणाली. "एक खारी बुजली तरी दुसरी हाय, असा सांगूनच आमच्या सगल्या खाऱ्या बुजवल्या. मग होरी कुठं लावायची? तुझ्या गच्चीवर?"

"नाही बुजवणार, मावशी."

"आनि या हातान काय घालायचा नाय. हा हात दर्याचा हाय."

"काही नाही घालणार. एक बारीक नळी फक्त आत जाईल."

"आत जाऊ दे. वर काय घालू नको."

"नाही घालणार," डॉक्टर म्हणाला. तो तेव्हा कुठल्यातरी औषधाच्या बाटलीकडे बघत होता. मी मात्र ऐकत होतो आणि मला वाटलं, पोरा, तू आत्ता फार मोठं वचन देऊन बसलास.

तेवढ्यात अल्पेश मढहून बोटीने वर्सोव्याला उतरून धापा टाकत पोचला, सही केली आणि त्याच्या आईला लगेच आत नेण्यात आलं. मी बाहेर बाकावर बसलो. खरं सांगतो, देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. बाजारात तिच्या जागी दुसरीच कुणीतरी बसली आहे आणि मी पापलेट दाबतोय आणि ती गोड आवाजात "घ्या ना काका" म्हणतेय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू फुटायचंच बाकी होतं.

आत सगळं छान झालं. अडलेली नळी उघडली, तिथे एक बारीक जाळी बसवली. कल्पिता नावाची नर्स होती, तिने सांगितलं की मधे भीतीने मनगटातली नळी आकसली होती, तर डॉक्टर म्हणाले, मावशी, मन शांत ठेवा, आनंदाची गोष्ट आठवा. मावशींनी खाडीत बांगड्या भिरकावल्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसले, नळी सैल झाली. औषधही दिलं होतं, पण श्रेय गोष्टीला.

मग त्यांनी आत घातलेली बारीक नळी काढून घेतली आणि रक्त थांबवायला तिच्या उजव्या मनगटावर एक पट्टा चढवला. पारदर्शक, गोल, मनगटाला वेढा घालणारा, आत हवेची छोटीशी उशी. पुतळाबाईला खोलीत आणलं. ती मला बघून हसली. मग कल्पिता लाडाने म्हणाली, "मावशी, ही बांगडी मीच काढेन हं, तुम्ही हात लावू नका."

बांगडी.

मी डोळे मिटून घेतले. पुतळाबाईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि जी किंकाळी फोडली, ती वर्सोव्याच्या धक्क्यावर ऐकू गेली असेल. "बलवंत दर्यान हाय! उतरव! उतरव आदी!" डाव्या हाताने ती पट्टा ओढू लागली. पट्टा सरकला, मनगटातून रक्ताची चिळकांडी उडाली आणि अल्पेश, ज्याने आजवर शूटिंगला बादल्या भरभरून रक्त पुरवलं होतं, तो आवाज न करता जमिनीवर आडवा झाला. दोन वॉर्डबॉयनी त्याला उचलून शेजारच्या रिकाम्या पलंगावर ठेवलं. कल्पिताने जखम दाबून धरली, पट्टा जागेवर बसवला आणि डॉक्टरला बोलावलं.

आता सगळ्यांनी मिळून त्या वस्तूचं बारसं करायला घेतलं. डॉक्टर म्हणाला, मावशी, ही बांगडी नाही, पट्टा आहे. "पट्टा कुत्र्याला." बरं, बँड. "बँड वरातीला." कल्पिता म्हणाली, घड्याळ समजा. पुतळाबाईने एक डोळा बारीक केला. "काटे कुठं हायत?" कल्पिताने चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनाने काटे काढले आणि वर डकवले. पुतळाबाईने पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बंद परलेला घरयाल तर त्याहून वंगाल." डॉक्टरने तर ते काटे उपटूनच टाकले, कारण पट्टा पारदर्शक असतो तो खालचं रक्त दिसावं म्हणून, आणि कल्पिताने त्यावर दुपारचे दोन वाजवून ठेवले होते.

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यभर ओरडत आलोय, दुसरं येतं काय? "अगं, एक दुपार राहिली हातात तर काय बुडणार आहे?"

ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. "भाऊ," ती हळू म्हणाली, "बुरल तो माझा बुरल. तुझा नाय."

मी टेलिफोन खात्यातला शहाणा माणूस, पण त्या क्षणी समुद्रावर कुठेतरी असलेली ती बोट मला स्पष्ट दिसली आणि तिचं सगळं वजन त्या प्लास्टिकच्या पट्ट्यावर होतं. शिवाय ती अशीच ओढाताण करत राहिली तर इथे हिचा जीव जाणार, हे डॉक्टरच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"हाताने दाबूनही रक्त थांबवता येतं," डॉक्टर शेवटी म्हणाला. "पण बराच वेळ कुणीतरी एकसारखं धरून बसायला हवं. कमी दाबलं तर रक्त येणार. जास्त दाबलं तर मनगटातली रक्ताची नळी बंद पडणार, नेमकं तेच टाळायचंय. रक्त थांबलं पाहिजे आणि नळी वाहती राहिली पाहिजे. कल्पिता बघत राहील, पण तिला इतर पेशंटही आहेत."

"याला सांग," पुतळाबाई म्हणाली आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हा वर्सानुवर्सं माझा म्हावरा दाबतो. याला ठावं हाय किती दाबला तर फुटते."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मला वाटतं वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इतक्या हलक्या शिफारशीवर कुणाची नेमणूक झाली नसेल.

मला हात धुवायला लावले, हातमोजा चढवला. कल्पिताने पट्टा काढता काढता माझा अंगठा जागेवर टेकवला. पुतळाबाईच्या अंगठ्याला एक चिमटा लावला (मनगटाला नाही, म्हणून तो तिने चालवून घेतला), त्याची तार पडद्याला, आणि पडद्यावर एक लाट उमटू लागली. कल्पिता अधूनमधून येऊन करंगळीकडची नळी दाबायची आणि पडदा बघायची. "ती बंद असतानाही लाट दिसतेय ना, म्हणजे काकांच्या अंगठ्याखालची नळी वाहतेय. लाट गेली की काकांनी जास्त दाबलं."

पुतळाबाईने 'लाट' एवढंच ऐकलं.

तिने मान वळवली आणि पडद्यावर नजर लावली ती काढलीच नाही. वर जाते, खाली येते, वर जाते. "दर्या हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, तुझं रक्त आहे ते. ती म्हणाली, "तेच."

मग पुढची सगळी दुपार मी त्या बाईचा हात धरून बसलो. बळवंत तांडेलाची बायको, हात गिऱ्हाइकाच्या हातात, शेजारच्या पलंगावर मुलगा बेशुद्धीतून उठून, आमच्याकडे एकदा बघून पुन्हा पडलेला. कल्पिता करंगळीची बाजू दाबायची आणि माझा अंगठा भीतीने घट्ट व्हायचा. लाट सपाट. "ए! दर्या सुकवलास! सैल सोर!" मी सैल सोडायचो, अंगठ्याखाली ओलं लागायचं. "परत दाब, दाब, जरा. हां. आता ऱ्हाऊ दे तसाच." आयुष्यात पहिल्यांदा ती मला 'दाब' म्हणत होती. माझी पाठ धरली, पायाला मुंग्या आल्या, नाकाला खाज सुटली तर प्रेमा आली आणि तिने खाजवून दिलं. प्रेमाने खोलीत पाऊल टाकलं, माझ्या हातातला हात बघितला, पडदा बघितला, पलंगावरचा अल्पेश बघितला आणि एवढंच म्हणाली, "इतक्या वर्सांत माझो हात कधी धरलात काय हो असो?"

मला हसूही येईना. कारण अंगठ्याखाली ती नाडी लागत होती. बारीक, टकटक, मऊ. पापलेटाचं पोट दाबताना मी ताजेपणा शोधतो. इथे मला कळत होतं की ताजं म्हणजे काय. मला तिची फार माया वाटली, आणि त्या मायेने अंगठा जड झाला की ती लगेच ओरडायची.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टर आला. मला म्हणाला, काका, आता हळूच काढा. माझा अंगठा वाकलेला तसाच राहिला, सरळ होईना. जखम कोरडी होती. त्याने करंगळीची बाजू दाबली आणि सगळे पडद्याकडे वळलो. लाट आली. परत आली. वर एक साधा पांढरा चौकोनी कापूस चिकटवायचा होता. त्याने आधी पुतळाबाईला दाखवला, "मावशी, हा गोल नाही, बघा." तिने उलटसुलट करून तपासला आणि परवानगी दिली.

बळवंत दोन-तीन दिवसांनी परतला. मढमध्ये तोवर ही गोष्ट किती रंगली असेल याचा मला अंदाज होता, म्हणून तो आमच्या पार्ल्याच्या दारात उभा राहिला तेव्हा मी साखळी लावूनच दार उघडलं. दाराएवढा माणूस. हातात शेपटीला धरलेली भलीमोठी घोळ मासळी.

"माझ्या बायकोचा हात तुमीच धरलाव?"

"हो."

"कनचा?"

"उजवा."

"त्यान बांगरी न्हवती ना घातली कोनी?"

थोडा वेळ घातली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. "नाही," म्हणालो. त्याने सुस्कारा सोडला आणि साखळीच्या फटीतून घोळ आत सरकवायला लागला. ती काही मावेना. शेवटी मी साखळी काढली.

"त्या दिवशी दर्या कसा होता?" मी न राहवून विचारलं.

"त्या दिवशी? काय बी नाय. नेहमीसारका."

ही बातमी पुतळाबाईला मोठा विजय वाटली. काय बी झालं नाही, म्हणजे हात नेमका धरला होता. या युक्तिवादापुढे मी हात टेकले.

डॉक्टरने सांगितलेली विश्रांती तिने चडफडत घेतली आणि एका सकाळी ती बाजारात परत आली. कोयता होता. तो सोडवताना रखवालदाराला छत्रीचा बिल्ला दिला तर त्याने आधी छत्रीच आणून दिली होती म्हणे. मी तिच्या पाटीपुढे उकिडवा बसलो. पापलेटं होती, चकचकीत, डोळे स्वच्छ. अंगठा सवयीने पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मला दाबवेना.

पुतळाबाईने माझ्याकडे पाहिलं, कोयत्यावरून उजवा हात काढला, पदराला पुसला आणि मनगट वर करून पाटीवर, पापलेटांच्या रांगेत, माझ्यापुढे ठेवलं.

"आदी हा दाबून बघ," ती म्हणाली. "ताजा हाय का सांग."

मी अंगठा टेकवला. टकटक लागत होतं.

"मऊ आहे," मी म्हणालो, आणि मग सगळ्या बाजाराने ऐकलं, तिने माझी काय अक्कल काढली ती.